डायनोसॉरचा गाऊट आणि कळलावीची गोळी

शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये टायरॅनोसॉरस रेक्सचा एक जगप्रसिद्ध सांगाडा उभा आहे. त्याचं लाडकं नाव ‘सू’. १९९० साली अमेरिकेतल्या साउथ डकोटात तो सापडला आणि १९९७ साली ‘नेचर’मध्ये संशोधकांनी लिहिलं, की सूच्या पंजाच्या हाडांवर गाऊटनं कुरतडल्याच्या खुणा आहेत. म्हणजे साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीही हा ठणका होता! तेव्हा मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला, चादर नुसती लागली तरी जीव कळवळला, तर तुम्ही एका फारच जुन्या दुखण्याच्या तावडीत सापडला आहात. मध्यरात्र म्हटलं तेही उगाच नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात रात्री बारा ते सकाळी आठ या वेळात झटका येण्याचा धोका दिवसाच्या दुपटीहून जास्त आढळला होता.

सूला औषध नव्हतं. आपल्याला आहे, चांगलं आहे आणि बरंचसं स्वस्तही आहे. तरीही माणसं वर्षानुवर्षं त्रास काढतात, कारण घरातल्या तीन गोळ्यांपैकी ठणक्यावरची कोणती, युरिक ॲसिडवरची कोणती, कोणती चार दिवसांची आणि कोणती कायमची, याचा पत्ता नसतो. तो लागला की निम्मी लढाई जिंकली.

आपण हरवून बसलेलं एन्झाइम

बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिकेज नावाचं एन्झाइम असतं. ते युरिक ॲसिडचे तुकडे करून ते सहज विरघळणाऱ्या पदार्थात बदलतं. माणसाच्या आणि मोठ्या वानरांच्या पूर्वजांमध्ये या एन्झाइमचं जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी निकामी झालं. म्हणून आपल्या रक्तात युरिक ॲसिड इतर प्राण्यांपेक्षा कितीतरी जास्त फिरतं. पक्ष्यांचं तर सगळं कामकाजच युरिक ॲसिडवर चालतं. दादरला उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर कबुतरानं जी पांढरी रांगोळी घातलेली असते, ती मुख्यतः युरिक ॲसिडचीच.

कुत्र्यांना हा त्रास सहसा नसतो, फक्त ठिपकेवाल्या डाल्मेशियनचा अपवाद. एका जनुकातल्या बदलामुळे त्याच्या लघवीत युरिक ॲसिड भरपूर उतरतं, खडे होतात आणि त्यासाठी पशुवैद्य त्यालाही ॲलोप्युरिनॉल देतात. म्हणजे गाऊटवरची आपल्या आजोबांचीच गोळी.

६.८, ६ आणि ३६०

शरीराच्या तापमानाला रक्तात युरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत विरघळलेलं राहू शकतं. त्यापुढे सांध्यात त्याचे सुईसारखे टोकदार स्फटिक बनायला लागतात, आणि त्यांचाच ठणका म्हणजे गाऊट. जागा जितकी गार तितके लवकर बनतात. पायाचा अंगठा पहिला बळी ठरतो याचं हे एक मोठं कारण.

आता लॅबचा रिपोर्ट हातात घ्या. पुरुषांसाठी ‘नॉर्मल’ची मर्यादा बहुतेक ठिकाणी ७ च्या आसपास छापलेली असते. तुमचा आकडा ६.९ आला, तर तो ठळक अक्षरांत येत नाही, शेजारी बाण नसतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण ज्याला गाऊट आहे आणि औषध चालू आहे, त्याचं लक्ष्य ६ च्या खाली. सांध्यांवर किंवा कानाच्या पाळीवर खडूसारख्या गाठी आल्या असतील तर बरेच डॉक्टर ५ च्या खाली आणायला बघतात. रिपोर्टवर छापलेली मर्यादा सगळ्यांसाठीची आहे, तुमचं लक्ष्य वेगळं आहे.

लंडन किंवा टोरांटोतून मुलानं आपला रिपोर्ट पाठवला आणि त्यात ४२० दिसलं, तर घाबरू नका. तिकडे मायक्रोमोल प्रति लिटर हे एकक चालतं. साधारण ६० ने भागा. ४२० म्हणजे आपले ७ आणि ३६० म्हणजे आपले ६.

अंगठा पेटलेला, रिपोर्ट नॉर्मल

हे वाचून अनेकांना धक्का बसेल: ऐन झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. दाह चालू असताना ते तात्पुरतं खाली उतरतं. त्यामुळे ‘रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे गाऊट नाही’ हा निष्कर्ष चुकतो. ठणका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं की खरा आकडा कळतो. शंभर टक्के खात्री हवी असेल तर सांध्यातलं पाणी सुईनं काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. १९६१ साली ही पद्धत रूढ झाली. त्यात युरिक ॲसिडच्या सुया एका दिशेला पिवळ्या आणि आडव्या दिशेला निळ्या चमकतात.

त्याआधी शंभरहून अधिक वर्षं लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांची युक्ती प्रसिद्ध होती. १८४८ साली त्यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड जास्त असल्याचं दाखवून दिलं. पुढे त्यांनी सोपी चाचणी काढली: काचेच्या बशीत रुग्णाच्या रक्ताची निवळ, त्यात थोडं ॲसेटिक ॲसिड आणि त्यात बुडवलेला लिननचा दोरा. एक-दोन दिवसांनी दोऱ्यावर खडीसाखरेसारखे स्फटिक चिकटलेले दिसले की निदान पक्कं!

सह्याद्रीतलं फूल, पाकिटातली गोळी

मला या सगळ्यात सर्वांत जास्त भुरळ घालते ती कोल्चिसिनची गोष्ट.

पावसाळ्यात घाटात फिरताना झुडपांवर चढलेली कळलावी तुम्ही पाहिली असेल. पानाचं टोक लांबट होऊन आधाराला वेढा घालतं. फुलाच्या सहा पाकळ्या खाली न झुकता वर उसळतात, कडेला नागमोडी, बुडाशी पिवळ्या आणि टोकाशी लालभडक. हिलाच अग्निशिखा म्हणतात. हिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. तामिळनाडूचं हे राज्यफूल. तिथले शेतकरी बियांसाठी हिची रीतसर शेती करतात आणि त्या बियांतून औषध कंपन्या कोल्चिसिन काढतात.

युरोपात हेच द्रव्य कोल्चिकम नावाच्या फुलझाडातून आलं. सहाव्या शतकात ट्रॅलेसचा अलेक्झांडर हा वैद्य ते सांध्यांच्या दुखण्याला देत होता. काश्मीरकडे उगवणाऱ्या त्याच्या चुलतभावाला युनानी हकीम सुरंजान म्हणतात. १८२० साली पेलतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कोल्चिसिन वेगळं केलं. शेतीतही त्याचं नाव मोठं आहे, कारण ते पेशींच्या विभाजनात आड येऊन गुणसूत्रं दुप्पट करतं. बिनबियांचं कलिंगड तयार करायची वाट याच द्रव्यामुळे सापडली.

इथे आवाज थोडा चढवूनच सांगते. जे द्रव्य पेशींचं विभाजन थांबवतं, ते गंमत म्हणून घ्यायचं नसतं. कळलावीचा कंद रताळं समजून खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. कोल्चिसिनचा डोस प्रमाणाबाहेर गेला तर त्यावर रोजच्या वापरातला उतारा नाही. पूर्वीची पद्धत अशी होती, की ठणका थांबेपर्यंत किंवा जुलाब सुरू होईपर्यंत दर तासाला गोळी. २०१० साली एका चाचणीत सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम आणि एका तासात फक्त १.८ मिलिग्रॅम अशी तुलना झाली. गुण दोघांचा जवळजवळ सारखाच आला, जुलाब मात्र जास्त डोसवाल्यांना कितीतरी अधिक. तेव्हापासून कमी डोसवर भर आहे. आपल्याकडची गोळी बहुधा ०.५ मिलिग्रॅमची. किती आणि कितीदा हे चिठ्ठीत लिहिलेलं असेल तेवढंच; ‘काल दोननी बरं वाटलं, आज चार घेतो’ हे अजिबात नको. झटक्याच्या पहिल्या १२ तासांत सुरू केली तर तिचा उपयोग सर्वांत चांगला होतो. म्हणून ज्यांना वारंवार त्रास होतो, त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं, की रात्री दोनला ठणका लागला तर मी काय घेऊ?

आणि एक जोडी लक्षात ठेवा. घसा किंवा छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सर्रास दिलं जातं. ते कोल्चिसिन शरीरातून बाहेर पडू देत नाही, त्यामुळे नेहमीचा डोसही विषासारखा वागू शकतो. बुरशीवरचं इट्राकोनॅझोल, बीपी-हृदयावरचं व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम, प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन हीसुद्धा याच यादीतली. मूत्रपिंड अशक्त असेल तर धोका आणखी वाढतो. सर्दी-खोकल्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलात तरी ‘मी कोल्चिसिन घेतोय’ हे पहिलं वाक्य असू द्या.

जाता जाता: याच गोळीला २०२३ साली अमेरिकेत हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही मान्यता मिळाली. ०.५ मिलिग्रॅम, रोज एक.

गिधाडांना झालेला गाऊट

गाऊटच्या ठणक्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक भारतात घराघरांत आहे. हेच औषध गुरांना दिलं गेलं, गुरं मेली, गिधाडांनी ती खाल्ली आणि गिधाडं लाखोंनी मेली. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी कारण शोधून काढलं. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झालेली होती आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर चढलेला होता. पोटातला गाऊटच तो! भारतानं २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ साली एका मात्रेपुरतीच कुपी विकायचा नियम आला. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावचे लोक उरलीसुरली गिधाडं जिवापाड जपतात.

माणूस म्हणजे गिधाड नव्हे, ठरलेल्या दिवसांपुरती ही गोळी अनेकांना छान उपयोगी पडते. पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल, पोटात अल्सर झालेला असेल, हार्ट फेल्युअर असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक आणू नका. अशा वेळी डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडची गोळी निवडू शकतात. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर चढते, ग्लुकोमीटर हाताशी ठेवा.

‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं वेळोवेळी सापडलेलं आहे. म्हणून तर दोन दिवसांत एवढा आराम पडतो! पुडी घेत असाल तर लपवू नका. ती पुडीच डॉक्टरांपुढे ठेवा.

गर्ट्रूड एलिऑन यांची गोळी

आता मुख्य नायिका, ॲलोप्युरिनॉल. ही ठणक्यावरची गोळी नव्हे, युरिक ॲसिड बनणंच कमी करणारी. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या गर्ट्रूड एलिऑन आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हिचिंग्ज यांनी ती विकसित केली. एलिऑन यांना पीएचडी पूर्ण करता आली नव्हती. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकायला परवानगी नव्हती आणि त्यांनी नोकरी निवडली. १९८८ साली नोबेल पारितोषिक त्यांच्याच हाती आलं. ॲलोप्युरिनॉलला अमेरिकेत मान्यता मिळाली १९६६ साली. साठ वर्षांच्या आसपासचं हे औषध आजही पहिली पसंती आहे.

सुरुवात छोटी: रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, मूत्रपिंड कमजोर असेल तर ५०. मग दर काही आठवड्यांनी रक्त तपासून हळूहळू वाढ, आकडा ६ च्या खाली जाईपर्यंत. ‘शंभरची चालू आहे, पण फरक नाही’ अशी तक्रार असेल तर बहुतेकदा गोळी वाईट नसते, डोस तिथेच अडकलेला असतो. जेवणानंतर घ्या, दिवसभर पाणी भरपूर प्या. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

हळू जायचं एक गंभीर कारण आहे. फार थोड्या लोकांना या औषधाची जीवघेणी ॲलर्जी येते, बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल, ताप, यांतलं काहीही दिसलं तर गोळी लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘उद्या बघू’ नको. एचएलए-बी ५८०१ हे जनुकरूप असलेल्यांना हा धोका जास्त असतो. चीनमधल्या हान, तसंच कोरियन आणि थाय लोकांत ते अधिक सापडतं. तैवानमध्ये गोळी देण्याआधी ही चाचणी करून असे प्रसंग टाळता आल्याचं संशोधकांनी दाखवलं आहे.

औषध सुरू केलं आणि दुखणं वाढलं!

इथेच सगळ्यात जास्त माणसं गळतात. युरिक ॲसिड उतरू लागलं की सांध्यात वर्षानुवर्षं साठलेले स्फटिक सुटे व्हायला लागतात, आणि ही हालचाल शरीराला खपत नाही. मग झटका येतो. रुग्ण म्हणतो, ‘ही गोळी मला लागू पडत नाही,’ आणि बंद करतो. खरं तर ती लागू पडलेली असते. या काळात ढाल म्हणून डॉक्टर तीन ते सहा महिने कोल्चिसिनचा छोटा डोस सोबत देतात. रोजची गोळी चालू असताना झटका आला, तर ठणक्यावरची गोळी वाढते, रोजची थांबत नाही. ठणका गेल्यावरही ती थांबत नाही. बंद केली की युरिक ॲसिड थोड्याच दिवसांत मूळ पदावर येतं. अंगठ्याला ते महिन्यांनी कळतं, एवढाच फरक.

फेबुक्सोस्टॅटबद्दल दोन मतं

युरिक ॲसिड बनणं कमी करणारं दुसरं औषध म्हणजे जपानमध्ये जन्मलेलं फेबुक्सोस्टॅट. ते २००९ साली अमेरिकेत आलं आणि आपल्याकडे तर ४० आणि ८० च्या गोळ्यांत जोरात चालतं. २०१८ साली सहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवरच्या चाचणीत ॲलोप्युरिनॉलच्या तुलनेत मृत्यू जास्त दिसले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पाकिटावर ठळक इशारा आला. २०२० साली युरोपातल्या तेवढ्याच मोठ्या चाचणीत तसा धोका दिसला नाही. तुम्हाला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ही गोळी लिहिताना डॉक्टरांना त्याची आठवण करून द्या. स्वतःहून मात्र बंद करू नका.

आकडा मोठा, दुखणं शून्य

फुल बॉडी चेकअपमध्ये ७.८ आलं, एकदाही ठणका नाही, खडा नाही. गोळी हवी? अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, बहुधा नको. असे आकडे असलेल्या बहुसंख्य लोकांना गाऊट कधी होतच नाही. आकड्याला घाबरून सुरू केलेल्या गोळ्या आपल्याकडे फार आहेत, हे माझं ठाम मत.

आधी बाकीच्या गोळ्या बघा. बीपीच्या ज्या गोळ्यांच्या नावाला शेवटी ‘एच’ लागतो, त्यांतल्या अनेकांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं आणि ते युरिक ॲसिड वाढवतं. लोसार्टन थोडं उतरवतं, त्यामुळे डॉक्टर अदलाबदल करू शकतात. हृदयासाठीची छोटी ॲस्पिरिनही ते वाढवते, पण ती थांबवण्याचा विचारसुद्धा करू नका. टीबीच्या पहिल्या टप्प्यातल्या पायराझिनामाइडनं युरिक ॲसिड चांगलंच चढतं, सांधेही दुखतात. म्हणून टीबीचं औषध सोडायचं नाही, केंद्रावर सांगायचं.

तुरीच्या वरणाची सुटका

गाऊट म्हटलं की घरात फर्मान निघतं: डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद! पण सुमारे ४७ हजार पुरुषांचा १२ वर्षं मागोवा घेणारा अमेरिकी अभ्यास २००४ साली आला. त्यात दिसलं, की मांस आणि मासे धोका वाढवतात, दूध-दही कमी करतात, आणि प्युरिन असलेल्या भाज्यांचा संबंध आढळला नाही. तेव्हा वरण-भात खुशाल खा, ताक प्या. तारली, बांगडा, सुकट, कलेजी, बीअर आणि गोड शीतपेयं यांना आवर घाला. निर्जळी उपवासानं युरिक ॲसिड चढतं, त्यामुळे एकादशीला पाणी तरी सोडू नका. पथ्यानं आकडा थोडासाच उतरतो, गोळीची जागा ते घेत नाही. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा वाटा ताटातल्या पदार्थांपेक्षा फार मोठा आहे, त्यामुळे घरातल्या माणसाला ‘तुझ्या खाण्यानंच झालं’ असं सुनावणं थांबवा.

एकाच प्रयोगशाळेतली दोन औषधं

एलिऑन यांच्याकडे परत जाऊ. त्यांचं रक्ताच्या कर्करोगावरचं सहा-मरकॅप्टोप्युरिन शरीरात फार लवकर मोडत होतं. ते मोडू नये म्हणून ॲलोप्युरिनॉल वापरून बघितलं, आणि लक्षात आलं की यानं युरिक ॲसिडही उतरतं. गाऊटचं औषध हाती आलं ते असं. त्याच प्रयोगशाळेतून मरकॅप्टोप्युरिनचं भावंड ॲझाथायोप्रिनही आलं, ज्याच्या आधारावर सुरुवातीची मूत्रपिंड प्रत्यारोपणं टिकली.

आता धोका कुठे आहे ते बघा. ॲझाथायोप्रिन घेणाऱ्यानं ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट सुरू केलं, तर ॲझाथायोप्रिन मोडत नाही, साठत जातं, आणि अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं थांबवू शकते. फेबुक्सोस्टॅटबरोबर ही जोडी टाळतातच. ॲलोप्युरिनॉल द्यायचंच झालं तर ॲझाथायोप्रिनचा डोस साधारण पाव ते एक तृतीयांशावर आणतात आणि रक्त पुन्हा पुन्हा तपासतात. मूत्रपिंड बदललेले, ल्युपसचे, आतड्यांच्या कोलायटिसचे अनेक रुग्ण ॲझाथायोप्रिनवर असतात, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांचं युरिक ॲसिड वाढलेलंही असतं. त्यांनी अस्थिरोगतज्ज्ञांकडे अंगठा दाखवायला जाताना जुन्या गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्यावीत आणि खुर्चीत बसल्या बसल्या टेबलावर काढून ठेवावीत.